झेलामागचा अभ्यास : रेमंड बेरी

फुटबॉल हा शब्द उच्चारताच आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे गोल चेंडू, दोन जाळी आणि पायांची चपळाई उभी राहते. अमेरिकेत मात्र याच नावाने ओळखला जाणारा खेळ अगदी निराळा आहे. त्यात पायाचे काम थोडे व हाताचे फार. चेंडूही गोल नसून सोललेल्या नारळाप्रमाणे दोन्ही टोकांस निमुळता असतो. नावाचा हा घोटाळा आरंभीच दूर केलेला बरा, कारण ज्या खेळाडूची ओळख आम्ही येथे करून देणार आहोत, त्याचे सारे कर्तृत्व हा लांबट चेंडू दोन हातांनी झेलण्यात साठवलेले आहे.

प्रथम खेळाचे स्वरूप थोडक्यात पाहू. मैदान १०० यार्ड लांब असून त्याच्या दोन्ही टोकांना १० यार्ड रुंदीचा एकेक पट्टा असतो. प्रत्येक पक्षाचे ११ गडी मैदानात उतरतात. ज्या पक्षाकडे चेंडू असतो, त्यास चार प्रयत्नांत निदान १० यार्ड पुढे सरकावे लागते. तेवढे साधले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रतिपक्षाच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेला की ‘टचडाऊन’ होते व ६ गुण मिळतात, आणि त्यानंतर चेंडू लाथाडून दोन खांबांमधून नेल्यास आणखी १. टचडाऊन साधत नसेल, तर अशाच लाथेने ३ गुण मिळविता येतात. त्यास ‘फील्ड गोल’ म्हणतात. प्रत्येक प्रयत्न अवघ्या काही सेकंदांचा असतो. तो संपला की गडी एकत्र जमतात, पुढील डाव कुजबुजत ठरवितात आणि पुन्हा समोरासमोर उभे ठाकतात. त्यामुळे हा खेळ पाहणाऱ्या नवख्यास तो सारखा थांबत आहे असे वाटते. वस्तुतः त्या थांबण्यातच निम्मा खेळ चाललेला असतो.

चेंडू हाताने पुढे फेकण्यास पूर्वी मुभा नव्हती. सारे गडी एकमेकांवर कोसळत, आणि त्या रेटारेटीत विद्यार्थी जायबंदी होत, क्वचित प्राणासही मुकत. इ.स. १९०५ मध्ये प्रकरण इतक्या थरास गेले, की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून खेळ सुधारण्यास सांगितले. पुढच्याच वर्षी नियम बदलले व चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाली. फेकणारा आला म्हणजे झेलणारा ओघानेच आला. फेकणाऱ्यास ‘क्वार्टरबॅक’ म्हणतात. रांगेपासून दूर, मैदानाच्या कडेला उभा राहून तेथून धावत सुटणाऱ्या व फेकलेला चेंडू पकडणाऱ्या गड्यास आज ‘वाइड रिसीव्हर’ म्हणतात. आमच्या कथानायकाच्या काळी त्या जागेस ‘स्प्लिट एंड’ असे नाव होते, पण काम हेच.

हे काम वरवर सोपे दिसते. चेंडू आला, पकडला, झाले! पण थोडे गणित करून पाहा. ताशी ५० मैल वेगाने फेकलेला चेंडू २० यार्डांचे अंतर सुमारे पाऊण सेकंदाहून थोड्या अधिक वेळात कापतो. तेवढ्या अवधीत वेगाने धावणारा गडी सहासात यार्ड पुढे गेलेला असतो. तेव्हा फेकणाऱ्याने गडी आहे त्या जागी चेंडू टाकून चालत नाही, तो जेथे असणार तेथे टाकावा लागतो. पुष्कळदा तर झेलणाऱ्याने मान वळविण्यापूर्वीच चेंडू हातातून सुटलेला असतो. म्हणजे फेकणारा एका रिकाम्या जागेकडे चेंडू भिरकावतो आणि दुसरा त्या रिकाम्या जागेकडे पाठमोरा धावत असतो. दोघांची गाठ पडावी ती कशी? शिवाय झेलणाऱ्याच्या अंगाशी लगटून प्रतिपक्षाचा एक रक्षक धावत असतोच. आपल्या खो-खोत हूल देऊन पाठलाग करणाऱ्यास चुकवितात, तशी हूल देऊन या रक्षकास क्षणभर तरी भलत्या दिशेला पाठवावे लागते. तो क्षण आणि चेंडूचा क्षण एकच असावा लागतो. हे सारे ज्याने आयुष्यभर अभ्यासिले, त्या रेमंड बेरीचे चरित्र म्हणूनच आम्हांस एखाद्या विद्यार्थ्याच्या चरित्रासारखे वाटते.

बेरीचा जन्म २७ फेब्रुवारी १९३३ रोजी टेक्सास राज्यातील कॉर्पस क्रिस्टी या गावी झाला. पुढे त्याच राज्यातील पॅरिस नावाच्या गावात त्याचे वडील हायस्कुलाच्या फुटबॉल संघाचे शिक्षक होते. (फ्रान्सच्या राजधानीशी या पॅरिसचा नावापलीकडे संबंध नाही.) शिक्षकाचा मुलगा म्हणजे संघात जागा ठरलेलीच, असे कोणासही वाटेल. येथे मात्र उलट घडले. मुलगा उंच पण सडपातळ, धावण्यात बेताचा. शाळेच्या अखेरच्या वर्षापर्यंत वडिलांनी त्यास पहिल्या अकरांत घेतले नाही. मुलाविषयी बापाला माया नव्हती असे नव्हे, पण संघ निवडताना शिक्षक अगोदर आणि बाप मागाहून, हा त्यांचा हिशेब दिसतो. आम्हां शिक्षकांच्या मुलांना ही गोष्ट वाचून कदाचित थोडे समाधान वाटेल, कदाचित रागही येईल.

शाळेनंतर एक वर्ष एका लहान महाविद्यालयात काढून बेरी डॅलस येथील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात आला. तेथे तीन हंगामांत त्याने अवघे ३३ झेल घेतले. त्या काळी विद्यापीठाचे संघ चेंडू फेकण्यापेक्षा तो पोटाशी धरून धावण्यावरच अधिक भिस्त ठेवीत, हे जमेस धरले तरी आकडा लहानच म्हणावा लागेल. इ.स. १९५४ मध्ये व्यावसायिक संघांनी विद्यार्थी खेळाडूंची निवड केली, तेव्हा बाल्टिमोर कोल्ट्स या संघाने त्याचे नाव विसाव्या फेरीत घेतले. त्याच्या अगोदर दोनशेहून अधिक नावे पुकारून झाली होती. अशा निवडीत विसाव्या फेरीचा अर्थ एवढाच की आला तर येऊ द्या, न टिकला तर हानी नाही.

बेरीच्या अंगच्या उणिवांची यादी बरीच मोठी आहे. डोळे अधू होते. म्हणून त्या वेळी नवलाईच्या असलेल्या कॉन्टॅक्ट लेन्स, म्हणजे बुबुळावर बसवावयाच्या काचा, तो वापरी. पाठीचे दुखणे होते. त्यासाठी कमरेस आधाराचा पट्टा बांधावा लागे. त्याचा एक पाय दुसऱ्याहून आखूड होता असेही पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. परंतु ही कथा रंगवून सांगितलेली आहे, मूळ दोष पाठीचा होता, असा खुलासा पुढे त्यानेच केला. थोर माणसाच्या अडचणी वाढवून सांगण्याचा मोह चरित्रकारांना आवरत नाही. त्यामुळे माणूस मोठा होण्याऐवजी खोटा होतो. बेरी उंचीने सहा फूट दोन इंच होता, त्याचे पंजे समर्थ होते, आणि जन्मजात लाभलेल्या या गोष्टीही हिशेबात धरल्या पाहिजेत. वेग मात्र त्यास नव्हता. ज्या जागेवर संघ हरणासारखी धावणारी मुले शोधतात, तेथे हा बेताच्या पायांचा तरुण उभा होता.

इ.स. १९५५ चा त्याचा पहिला हंगाम पाहा : १३ झेल, २०५ यार्ड, टचडाऊन एकही नाही. दुसऱ्या वर्षी आपली जागा राहील की नाही, याची त्याला मुळीच खात्री वाटत नव्हती.

दुसऱ्या वर्षी संघात आणखी एक टाकाऊ ठरलेला तरुण आला. जॉनी युनायटस हे त्याचे नाव. बेरीहून तो काही महिन्यांनी लहान. पिट्सबर्गच्या संघाने इ.स. १९५५ मध्ये त्यास निवडले व हंगाम सुरू होण्यापूर्वीच काढून टाकले. त्या वर्षी तो इमारतींच्या बांधकामावर मजुरी करी आणि ब्लूमफील्ड रॅम्स नावाच्या हौशी-निमहौशी संघाकडून एका सामन्यास ६ डॉलर घेऊन खेळे. बाल्टिमोरने त्यास राखीव म्हणून बोलावले. हंगामाच्या मध्यास मुख्य क्वार्टरबॅक गुडघ्यास इजा होऊन पडला व युनायटस मैदानात आला, तर त्याचा पहिलाच चेंडू प्रतिपक्षाने मधल्यामध्ये पकडून टचडाऊन केले! असा हा आरंभ. परंतु या दोघांची गाठ पडली, हे दोघांच्याही आयुष्यातील मोठे भाग्य होय. आम्ही येथे भाग्य हा शब्द जाणूनबुजून वापरीत आहोत. अभ्यास कितीही केला, तरी बरोबरीने अभ्यास करणारा मिळणे आपल्या हाती नसते.

संघाचा सराव संपला की इतर गडी अंघोळीस जात आणि हे दोघे मैदानात मागे राहत. बेरी एक धाव घेई, युनायटस चेंडू टाकी; पुन्हा तीच धाव, पुन्हा तोच चेंडू. कितव्या पावलावर वळावयाचे, वळताना कोणत्या पायावर भार द्यावयाचा, चेंडू केव्हा सुटावा, हे दोघांच्या अंगवळणी पडेपर्यंत हा क्रम चाले. गायकाबरोबर तबलजी बसावा तसे हे आहे. सम कोठे येणार, हे सांगावे लागू नये.

प्रतिपक्षाच्या रक्षकास चुकवून मोकळे होण्याच्या ८८ युक्त्या आपल्यापाशी आहेत असे बेरी सांगत असे, आणि सामन्यापूर्वीच्या आठवड्यात त्या साऱ्यांचा सराव करी. ८८ हा आकडा ऐकून कोणी हसेल. पण प्रत्येक युक्ती म्हणजे काही स्वतंत्र चमत्कार नव्हे. मान उजवीकडे करून डावीकडे जाणे, पावले आखूड करून थांबल्यासारखे दाखविणे, आणि एकदा हूल देऊन दुसऱ्यांदा ती हूल न देणे — हीसुद्धा युक्तीच. व्याकरणात धातू थोडे व रूपे अनेक असतात, तशी ही ८८ रूपे. सामन्यांच्या चित्रफिती पाहण्यासाठी त्याने स्वतःचे प्रक्षेपण-यंत्र घेतले होते. पुढील रविवारी जो रक्षक समोर येणार, तो कोणत्या पायावर वळतो, कोणत्या हुलीस फसतो, हे तो रात्री घरी बसून पाही व टिपून ठेवी.

हाताच्या बोटांची पकड वाढावी म्हणून मुलांच्या खेळण्यातील कणकेसारखा लवचिक गोळा तो सतत मळीत असे. ऊन डोळ्यांवर येणाऱ्या मैदानात खेळावयाचे असल्यास रंगीत काचांचा चश्मा लावून पाही. लग्न झाल्यावर सुट्टीच्या दिवसांत फेकणारे कोणी नसले, तर पत्नी सॅली त्यास चेंडू टाकी. तिचे चेंडू वेडेवाकडे येत, पण ते त्याला हवेच असत. नीट आलेला चेंडू कोणीही झेलतो. डोक्यावरून जाणारा, गुडघ्याखाली येणारा, पाठीमागे राहिलेला — असले वाईट चेंडू झेलण्याचा सराव कोठे व्हावयाचा? सरावाची विजार धुण्यास दुसऱ्यावर विसंबत नसे. ती तो स्वतः धूत असे. ही शेवटची गोष्ट आम्हांस प्रथम विक्षिप्तपणाची वाटली. आताही थोडी वाटते.

कडेच्या रेषेवर झेल घेण्यात तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. व्यावसायिक खेळात झेल घेताना दोन्ही पाय रेषेच्या आत टेकावे लागतात. शरीर बाहेर झुकलेले, हात बाहेर लांबविलेले आणि बोटांची टोके मात्र आत रोवलेली, अशा स्थितीत तो चेंडू घेई. याचा एक मोठा उपयोग असतो : गडी रेषेबाहेर गेला की घड्याळ थांबते. वेळ थोडा उरला असता ही विद्या सोन्याच्या मोलाची ठरते.

या साऱ्याची कसोटी लागली ती २८ डिसेंबर १९५८ रोजी. न्यूयॉर्क येथील यांकी स्टेडियमवर बाल्टिमोर कोल्ट्स आणि न्यूयॉर्क जायंट्स यांच्यात त्या वर्षीच्या अजिंक्यपदाचा सामना होता. चौसष्ट हजारांवर प्रेक्षक जमले होते, आणि देशभर लोक दूरचित्रवाणीवर तो पाहत होते. जायंट्सच्या बचावाची आखणी टॉम लँड्री याने केलेली होती; पुढे तो फार मोठा शिक्षक म्हणून गाजला. खेळापूर्वी बेरी मैदानात फिरून जमीन कोठे घट्ट आहे, कोठे निसरडी आहे, हे पाहून आला. वर्गात परीक्षेपूर्वी बाक हलतो का पाहणारे काही विद्यार्थी असतात, त्यांतला हा!

मध्यंतरापर्यंत कोल्ट्स १४–३ असे पुढे होते. त्यातील एक टचडाऊन बेरीच्या झेलावर झाले. उत्तरार्धात पारडे फिरले. जायंट्सनी दोन टचडाऊन करून १७–१४ अशी आघाडी घेतली. अखेर कोल्ट्सना चेंडू मिळाला तो स्वतःच्या टोकापासून अवघ्या १४ यार्डांवर. खेळाची दोन मिनिटेही उरली नव्हती. पुढे ८६ यार्डांचे मैदान पसरलेले. पहिले दोन फेक फुकट गेले. तिसऱ्यास लेनी मूरने ११ यार्डांचा झेल घेतला म्हणून डाव जिवंत राहिला.

आता पुढचा डाव ठरला तो असा : बेरीने १० यार्ड सरळ जावयाचे आणि काटकोनात आत वळावयाचे. गडी रांगेत उभे राहिले. इतक्यात जायंट्सचा हार्लंड स्वेअर हा लाइनबॅकर — मधल्या फळीतील दणकट रक्षक — आपली नेहमीची जागा सोडून बाहेर आला व थेट बेरीच्या तोंडासमोर उभा राहिला. हेतू उघड होता : त्यास सुटूच द्यावयाचे नाही, पहिल्याच पावलास धक्का देऊन डाव मोडावयाचा. बोलावयास वेळ नव्हता, आणि बोलले असते तरी त्या गदारोळात ऐकू आले नसते. पण असा रक्षक असा समोर येऊन उभा राहिला तर काय करावयाचे, याची चर्चा बेरी व युनायटस यांनी पूर्वी केव्हातरी केलेली होती. तो प्रसंग तोवर कधी आलाच नव्हता. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. बेरीने एक हूल दिली, तो त्या दणकट गड्याच्या बाजूने निसटला आणि सरळ जाण्याऐवजी तिरका आत घुसला. चेंडू तेथे आलेलाच होता. २५ यार्ड.

या क्षणापाशी थोडे थांबावे असे आम्हांस वाटते. ज्या प्रश्नाचे उत्तर तयार केले तो प्रश्न परीक्षेत येत नाही, ही विद्यार्थ्यांची नेहमीची तक्रार आहे, आणि ती पुष्कळदा खरीही असते. बेरी आणि युनायटस यांनी जितके प्रसंग बोलून, धावून, घोकून तयार केले, त्यांतील बहुतेक त्यांच्यापुढे कधीच उभे राहिले नसतील. त्या तयारीचे तास कोणत्याही गुणफलकावर नाहीत. एक प्रसंग आला, तोही असा आला, की त्याच्या उत्तरावर सारे वर्ष अवलंबून होते; आणि उत्तर आठवण्यास मिळालेला अवधी एका दृष्टिक्षेपाइतका होता.

पुढचा चेंडू पुन्हा बेरीकडे : १५ यार्ड. त्यापुढचाही बेरीकडेच : २२ यार्ड. लागोपाठ तीन झेलांत ६२ यार्ड! सारे प्रेक्षागृह जाणून होते की चेंडू याच्याकडेच जाणार. समोरचे अकराही जाणून होते. चेंडू आता जायंट्सच्या टोकापासून १३ यार्डांवर आला. घड्याळ चालूच होते. स्टीव्ह मायरा धावत आला आणि ७ सेकंद उरले असता त्याने २० यार्डांवरून चेंडू खांबांमधून लाथाडला. १७–१७.

अजिंक्यपदाच्या सामन्यात अशी बरोबरी पूर्वी कधी झाली नव्हती. जो पक्ष प्रथम गुण मिळवील तो विजयी, अशी जादा वेळ खेळविण्याचा प्रसंगही पहिलाच. जायंट्सना प्रथम चेंडू मिळाला, पण त्यांचे काही चालले नाही. मग कोल्ट्स स्वतःच्या २० यार्डांवरून निघाले आणि १३ डावांत ८० यार्ड चालून गेले. त्या वाटेवर एका कठीण प्रयत्नास बेरीचा २१ यार्डांचा झेल आला, आणखी पुढे १२ यार्डांचा. मध्येच दूरचित्रवाणीची तार निसटून लोकांच्या घरातील चित्र काही वेळ नाहीसे झाले. त्या काळोख्या पडद्यापुढे बसलेल्यांच्या जिवाची काय अवस्था झाली असेल! चित्र परत आले आणि अॅलन अमीचीने शेवटचा एक यार्ड ओलांडला. २३–१७. बेरीचे त्या दिवसाचे झेल १२, यार्ड १७८. पुढे या सामन्यास आजवरचा सर्वश्रेष्ठ सामना असे म्हणण्याचा प्रघात पडला. खुद्द खेळात चुका पुष्कळ झाल्या होत्या, चेंडू अनेकदा हातून सुटले होते; तेव्हा सर्वश्रेष्ठ म्हणण्यापेक्षा सर्वांत रोमहर्षक म्हणावे, असे आमचे मत आहे.

लेनी मूरचे नाव वर आले आहे, त्याविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर हे चित्र एकांगी होईल. मूर कृष्णवर्णीय होता, आणि विजेच्या चपळाईचा. एकाच संघात, एकाच क्वार्टरबॅकचे चेंडू झेलणारे हे दोघे. पण त्या काळच्या वर्णभेदामुळे कित्येक शहरांतील उपाहारगृहांची व निवासांची दारे एकास उघडी व दुसऱ्यास बंद असत. ज्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठातून बेरी आला, तेथील मुख्य संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जेरी लव्हायस इ.स. १९६६ मध्ये खेळला. वॉशिंग्टनच्या व्यावसायिक संघाने तर इ.स. १९६२ पर्यंत एकही कृष्णवर्णीय गडी मैदानात उतरविला नव्हता. विसाव्या फेरीत का होईना, बेरीचे नाव कोणीतरी घेतले. बेरीइतकाच अभ्यास करू शकणाऱ्या किती मुलांची नावे कोणत्याच फेरीत घेतली गेली नाहीत, याचा हिशेब कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही.

यानंतरची हकीकत थोडक्यात सांगता येते. इ.स. १९५९ मध्ये कोल्ट्सनी त्याच जायंट्सना ३१–१६ असे हरवून अजिंक्यपद राखले. इ.स. १९५८, १९५९ व १९६० या तिन्ही वर्षी सर्वाधिक झेलांच्या यादीत बेरीचे नाव अग्रस्थानी होते. त्यापैकी पहिल्या वर्षी तो मान त्याने दुसऱ्या एका खेळाडूबरोबर वाटून घेतला. इ.स. १९६० मध्ये त्याने ७४ झेलांत १,२९८ यार्ड मिळविले. तेरा हंगाम खेळून इ.स. १९६७ अखेर तो निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावावर ६३१ झेल व ९,२७५ यार्ड होते. त्या दिवसापर्यंत एवढे कोणीही मिळविले नव्हते. झेललेला चेंडू धावताना हातातून सुटला, असे त्या तेरा वर्षांत त्याच्या बाबतीत एकदोनदाच घडले. ६३१ या आकड्याशेजारी ही गोष्ट ठेवून पाहावी. पुढे इतरांनी त्याचे विक्रम मोडले. जेरी राइसचे १,५४९ झेल पाहिले तर बेरीचा आकडा निम्म्याहूनही लहान वाटतो. पण राइसच्या काळी हंगाम लांब झाला होता, नियम झेलणाऱ्यास अनुकूल झाले होते, आणि चेंडू पूर्वीपेक्षा फार अधिक वेळा फेकला जात होता. दोन काळांचे आकडे नुसते शेजारी ठेवणे म्हणजे रुपया आणि पैसा एकाच रकान्यात मांडण्यासारखे आहे.

निवृत्तीनंतर त्यास शिक्षक म्हणून प्रथम बोलावले ते टॉम लँड्रीने, म्हणजे ज्याच्या बचावातून बेरीने १२ झेल काढले होते त्यानेच! इ.स. १९७३ मध्ये या खेळाच्या कीर्तिमंदिरात, ज्याला तेथे ‘हॉल ऑफ फेम’ म्हणतात, बेरीचा समावेश झाला. इ.स. १९८४ ते १९८९ पर्यंत तो न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा मुख्य शिक्षक होता. योगायोग असा, की ज्या वर्षी तो या पदावर आला, त्याच वर्षी मार्च महिन्यात त्याचा जुना कोल्ट्स संघ एका रात्रीत सारे सामान मालमोटारींवर लादून बाल्टिमोर सोडून इंडियानापोलिसला निघून गेला. पेट्रियट्सनी इ.स. १९८५ च्या हंगामात परक्या मैदानांवर लागोपाठ तीन बादफेरीचे सामने जिंकून अंतिम सामना गाठला. तेथे मात्र जानेवारी १९८६ मध्ये शिकागोने त्यांचा ४६–१० असा धुव्वा उडविला. चेंडू जपावा कसा आणि प्रतिपक्षाच्या हातून तो सोडवावा कसा, यावर त्या संघाचा फार भर असे. ज्याच्या हातून तेरा वर्षांत चेंडू एकदोनदाच सुटला, तो दुसरे काय शिकविणार?

यांकी स्टेडियमवरचे ते १२ झेल अजिंक्यपदाच्या सामन्यातील विक्रम म्हणून ५५ वर्षे टिकून राहिले. फेब्रुवारी २०१४ मध्ये डेन्व्हरच्या डिमेरियस थॉमसने १३ झेल घेऊन तो मोडला. त्या दिवशी डेन्व्हरचा संघ ४३–८ असा हरला.